ऑक्टोबरची खोली आणि एक साधी नळी

यंदा मंडळाच्या दिवाळी संमेलनात माझा सत्कार ठरला होता. शाल, श्रीफळ आणि ‘रक्त न चिकटणारी नळी बनवणारे आपले शास्त्रज्ञ’ असं मानपत्र. मानपत्राचा मसुदा घेऊन मंडळाची सचिव केतकी मयूर विहारच्या आमच्या घरी आली. दिल्लीत जन्मलेली, दिल्लीत वाढलेली मुलगी. मराठी छान बोलते, फक्त मधूनमधून दम घ्यायला हिंदीत जाऊन येते.

“काका, एकदा बघून घ्या. काही गलत तर नाही ना?”

मी वाचलं. शुद्धलेखन अगदी बरोबर होतं. बाकी सगळं चूक होतं.

“केतकी, ही नळी मी बनवलेली नाही. म्हणजे मी एक बनवली, पण तिला रक्तातलं सगळं चिकटायचं. न चिकटणारी नळी डॉक्टर सुनंदा रंगारींनी बनवली. सत्कार त्यांचा करा.”

“आपल्याच सोसायटीतल्या रंगारी मावशी? पण त्या तर ऑक्टोबर सांभाळायच्या ना?”

त्या पोरीला दोष देण्यात अर्थ नाही. संस्थेतसुद्धा निम्म्या लोकांना रंगारीबाईंबद्दल एवढंच माहीत आहे. केतकी म्हणाली, नाव बदलायचं तर कार्यकारिणीला कारण द्यावं लागेल. “तुम्ही अंकासाठी तसंही लिहिणारच होता, त्यातच लिहून टाका. पण हलकंफुलकं हं, काका. साइंस कमी. लोक स्किप करतात.”

साइंस कमी पडलं, हीच तर सगळी गोष्ट आहे.

आधी आमचा धंदा सांगतो. मी नोएडातल्या एका संशोधन संस्थेत होतो. तिचं नाव लिहीत नाही. डायलिसिससाठी, सलाईनसाठी ज्या प्लास्टिकच्या नळ्या शरीराला जोडतात, त्यांना आतून लावायचा लेप आम्ही बनवायचो. रक्त नळीत शिरलं की क्षणात त्यातली प्रथिनं प्लास्टिकवर येऊन बसतात. त्यांच्यावर पेशी बसतात, त्यांच्यावर गुठळी, आणि नळी तुंबते. म्हणून प्रथिनांना बसूच द्यायचं नाही, असा लेप हवा. तो पॉलिमरचा असतो. पॉलिमर म्हणजे एकाला एक रेणू जोडून केलेली लांब साखळी. फ्लास्कमध्ये घालून, हवा बंद करून, ठरलेल्या उष्णतेवर ढवळत राहायचं. पाकासारखं असतं, तार आली तर आली, नाहीतर भांडं घासायला घ्यायचं.

प्रथिनांना बसू न देण्याची युक्ती कळायला ब्लू लाइनची मेट्रो पुरे. खच्चून गर्दी आहे, एक सीट रिकामी दिसतेय आणि तरी कोणी बसत नाहीये, तर समजावं की तिच्यावर पाणी सांडलंय. चांगला पॉलिमर तेच करतो. पाण्याचा एक थर इतका घट्ट धरून ठेवतो की प्रथिनं येतात, बघतात आणि पुढच्या डब्यात जातात.

चाचणीही सोपी. चमकणारा रंग लावलेली प्रथिनं पाण्यात घालायची, त्यात नळीचे तुकडे बुडवायचे, धुवायचे आणि अंधाऱ्या खोलीत विशिष्ट दिव्याखाली बघायचे. प्रथिनं चिकटली असतील तर तुकडा हिरवा चमकतो. चिकटली नसतील तर काळाच राहतो. म्हणजे आम्ही अंधार पाहून टाळ्या वाजवणारी माणसं. आणि तो अंधार खरा आहे हे कळावं म्हणून प्रत्येक चाचणीत लेप न लावलेली एक साधी नळी शेजारी ठेवायची. ती चमकलीच पाहिजे. तीही काळी राहिली तर समजायचं, भानगड दुसरीच आहे. एम.एस्सी.च्या पोरांना हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मीच शिकवायचो.

त्या वर्षी संस्थेत दोन पॉलिमर तयार झाले. एक माझा, एक रंगारीबाईंचा. रंगारीबाई मूळच्या भंडाऱ्याच्या, वडील टपाल खात्यात. बोलणं हळू, पण एकदा विचारलेला प्रश्न उत्तर मिळेपर्यंत न विसरणाऱ्या. त्यांची नळी पूर्ण काळी पडायची नाही, किंचित फिकी हिरवी दिसायची. पण जानेवारीत फिकी तशीच जूनमध्ये फिकी. माझी मात्र लग्नाच्या हॉलसारखी लखलखायची.

अशात कोजागिरी आली.

आमच्या संस्थेत कोजागिरी दुपारी चार वाजता व्हायची. संध्याकाळी सहानंतर थांबायला परवानगी लागायची आणि गच्चीवर जायला बंदी होती. आमचे संचालक भल्लासाहेब मूळचे पंजाबी, पण या सणावर त्यांचा फार जीव. सप्टेंबरपासूनच विचारायचे, “पाटणकर जी, वो मून वाला दूध कब है?” दुधात चंद्र दिसला पाहिजे हे त्यांना मीच कधीतरी सांगून बसलो होतो. त्यामुळे मीटिंगच्या खोलीतले पडदे लावून, सगळे दिवे घालवून, छतावरचा एकच गोल दिवा चालू ठेवायचा आणि खात्यातल्या सगळ्यांनी ओळीने येऊन आपापल्या कागदी कपात त्याचं प्रतिबिंब बघायचं, अशी प्रथा पडली. तमिळ, बंगाली, मल्याळी सहकारी ती गंभीरपणे पाळत. त्यांना वाटायचं महाराष्ट्रात असंच असतं.

दूध आमच्या घरून यायचं. माझी बायको निर्मला आदल्या दिवशी आटवायची, मी सकाळी स्टीलच्या मोठ्या किटलीतून गाडीने न्यायचो. दिल्लीचा ऑक्टोबर दुपारी तापतो आणि पँट्रीतला फ्रिज डब्यांनी भरलेला. म्हणून किटली मी प्रयोगशाळेच्या कोल्ड रूममध्ये वरच्या जाळीच्या फळीवर ठेवायचो. त्या खोलीच्या दारावर ‘आत खाण्यापिण्याचे पदार्थ ठेवू नयेत’ अशी पाटी होती. खाली सही सुरक्षा अधिकाऱ्याची, म्हणजे माझी.

त्या जाळीखालच्या फळीवर माझा ट्रे असायचा. चाचणीआधी लेप लावलेले तुकडे दिवसरात्र मिठाच्या थंड पाण्यात भिजवायचे असतात. रंगारीबाईंचा ट्रे समोरच्या भिंतीला.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी झाली आणि माझ्या नळीचे सगळे तुकडे काळेकुट्ट. आम्हाला वाटलं दिवा बिघडला. पण रंगारीबाईंच्या ट्रेमधली साधी नळी झकास चमकत होती. भल्लासाहेबांनी अंधारातच मला मिठी मारली. निदान मारायला गेले, सापडला शिपाई.

रंगारीबाईंनी तेव्हाच विचारलं. “सर, तुमच्या ट्रेमध्ये साधी नळी दिसली नाही.”

“तुमच्यात होती ना? एकच दोघांना पुरे.”

“पण ती माझ्या पाण्यात भिजली होती. तुमच्या नाही.”

“पाणी एकाच बाटलीतलं आहे, मॅडम.”

त्या माझ्या ट्रेवर वाकल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या ट्रेला वेलदोड्याचा वास येतोय.” मी हसलो. सगळ्यांच्याच हाताला येत होता.

त्यानंतर वर्षभर माझी नळी एकदाही काळी झाली नाही. तोच लेप, तोच दिवा, तीच माणसं. भल्लासाहेबांनी मला चाचणीच्या दिवशी तोच निळा शर्ट घालायला लावला. म्हणाले, “साइंस में सब वेरिएबल कंट्रोल करने पड़ते हैं.” शर्ट विरला, नळी लखलखतच राहिली. मग पुन्हा ऑक्टोबर आला, कोजागिरी झाली आणि दुसऱ्या दिवशी सगळे तुकडे काळे.

आता एखाद्या शहाण्या माणसाने विचारलं असतं की आदल्या दिवशी काय झालं होतं. आम्ही विचारलं की ऑक्टोबरमध्ये काय असतं.

ऑक्टोबरमध्ये दिल्लीत बरंच काही असतं. हवेतला दमटपणा उतरतो, रात्री गार होतात, पंजाब-हरियाणात शेतातली पराळी, म्हणजे कापणीनंतर उरलेला पेंढा, जाळतात आणि तिचा धूर आपल्याकडे येतो. भल्लासाहेबांनी सिद्धांत मांडला की हा पॉलिमर ऋतू ओळखतो. त्यावर भाषणं झाली. आणि मग संस्थेच्या तळमजल्यावर ती खोली बांधली गेली. तिच्यात बारा महिने ऑक्टोबर ठेवायचा. उष्णता, दमटपणा, उजेड, सगळं यंत्राने. दारावर पाटी होती ‘नियंत्रित हवामान कक्ष’, पण चौकीदारापासून सगळे तिला अक्टूबर रूम म्हणायचे. मे महिन्यात लोक काहीतरी निमित्त काढून तिथे जेवायला बसायचे.

पण माझी नळी ऑक्टोबरच्या खोलीतही चमकली. तेव्हा भल्लासाहेब म्हणाले, “धुआँ कम है.”

मग शिपायाने सोनीपतच्या आपल्या मेहुण्याकडून भाताच्या पराळीचा एक भारा आणला आणि भर एप्रिलमध्ये आम्ही तो खोलीतल्या धुराड्याखाली पेटवला. दोन डॉक्टरेट आणि एक संचालक, तोंडाला रुमाल बांधून. इमारतीतले सगळे भोंगे वाजले. अग्निशमन दलाची गाडी आली. एक जवान आत आला, ढोपरभर धुरात उभ्या आमच्याकडे आणि ट्रेमधल्या नळीच्या तुकड्यांकडे बघून म्हणाला, “अंकल जी, ये कौन सा त्योहार है?”

“रिसर्च है,” भल्लासाहेब खोकत म्हणाले.

“अच्छा,” तो म्हणाला आणि त्याने पाण्याचा पाइप सोडला.

नंतर व्हरांड्यात ओल्या चपला झटकत असताना रंगारीबाई आल्या.  त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि आपल्या चाचणीला गेल्या. त्या दिवशीही त्यांची नळी फिकीच निघाली असणार, नेहमीसारखी.

तिसऱ्या वर्षी बाहेरची समिती येणार होती. दोनपैकी एकच प्रकल्प पुढे न्यायचा होता. भल्लासाहेबांनी अर्थातच ऑक्टोबरची तारीख मागून घेतली आणि ती कोजागिरीच्या दुसऱ्याच दिवशीची मिळाली. त्याने ते फार खूश झाले.

कोजागिरीच्या दुपारी मी किटली काढायला कोल्ड रूममध्ये गेलो. दार उघडलं तर आत शांतता आणि तेवढाच एक आवाज, टप्. थोड्या वेळाने पुन्हा टप्. किटलीच्या तोटीच्या सांध्यातून दूध झिरपत होतं आणि जाळीतून खाली माझ्या ट्रेमध्ये पडत होतं. मी ट्रेवर वाकलो. पाण्याला किंचित दुधाळ झाक. वेलदोडा, जायफळ, केशर.

मला सगळं एका क्षणात कळलं, आणि ते आधी कळलं नव्हतं याची आजही लाज वाटते. दुधातली प्रथिनं कुठल्याही प्लास्टिकवर आनंदाने बसतात. शेजारच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तर नको तिथे काही चिकटू नये म्हणून मुद्दाम दुधाची पावडर वापरायचे. हे मला माहीत होतं. रंगारीबाईंची सीट ओली असायची म्हणून कोणी बसत नव्हतं. माझ्या सीटवर आधीच दूध बसलेलं होतं, म्हणून चमकणाऱ्या प्रथिनांना जागा नव्हती. माझ्या पॉलिमरचा यात काहीच हात नव्हता. त्याच्या जागी चपलेचा तळ ठेवला असता तरी काळा राहिला असता.

तोवर मी फक्त मूर्ख होतो. पुढचं मात्र मूर्खपणाने झालं नाही.

ट्रे ओतून टाकता आला असता. भल्लासाहेबांकडे जाता आलं असतं. ते मीटिंगच्या खोलीत पडदे लावत होते. मी किटलीचा तळ पुसला. ट्रे होता तसा फळीवर आत सरकवला. वर जाऊन सगळ्यांना दूध वाढलं. रंगारीबाईंनाही दिलं. त्यांनी कपात छतावरचा दिवा पाहिला आणि म्हणाल्या, “वहिनींच्या हाताला चव आहे.”

दुसऱ्या दिवशी समितीसमोर माझे सगळे तुकडे काळे निघाले. त्यांची नळी फिकी. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “काला तो काला ही होता है.” रंगारीबाई मागच्या रांगेतून उठल्या. “सर, एक विनंती आहे. पाटणकर सरांच्या ट्रेमध्ये एक साधी नळी ठेवून पुन्हा एकदा चाचणी करावी.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसून म्हटलं, “मॅडम, दर वर्षी तेच काय?” लोक हसले. त्या बसल्या.

त्यांचा प्रकल्प बंद झाला. शेरा असा पडला की परिणाम सातत्यपूर्ण पण अपुरा. आणि त्या रिकाम्या झाल्या म्हणून त्यांना ऑक्टोबरच्या खोलीची प्रभारी नेमलं. ज्या बाईचा पॉलिमर बारा महिने चालायचा, तिला माझ्या पॉलिमरसाठी बारा महिने ऑक्टोबर राखायला बसवलं. त्यांनी तो असा राखला की दिल्लीत इतका चांगला ऑक्टोबर दुसरीकडे कुठे नव्हता. निवृत्त होईपर्यंत राखला.

माझी नळी एका कंपनीने नेली. रोग्यांपर्यंत ती कधीच पोचली नाही, एवढं एक बरं झालं. त्यांच्या पहिल्याच चाचण्यांत ती दिवाळीसारखी पेटली. कंपनीने पत्र पाठवलं की त्यांच्या गावची हवा मानवत नाही. भल्लासाहेबांना ते पटलं. मी किटली बदलली आणि निवृत्त झालो. रंगारीबाईंची नळी मात्र रोग्यांपर्यंत पोचू शकली असती. आमच्या इमारतीत डायलिसिसला जाणारे दोघं आहेत. लिफ्टमध्ये भेटतात. मी मजल्यांचे आकडे बघत राहतो.

परवा कळलं की ती खोली अजून चालू आहे. बंद करायला कोणाची सही लागते हे कोणालाच माहीत नाही.

केतकी गेल्यावर मी रंगारीबाईंकडे गेलो. आमच्यापासून दोन इमारती सोडून पलीकडे राहतात. जेवणाच्या टेबलावर मिक्सर उघडून बसल्या होत्या. मी बसलो आणि सगळं सांगितलं. किटली, जाळी, टप् टप्, ट्रे सरकवला ते. त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला.

मग त्यांनी विचारलं, “दुधात साखर होती?”

“होती.”

“आणि दूध कुठलं? टोन्ड?”

“फुल क्रीम. निर्मला टोन्ड वापरत नाही.”

“आटवलेलं. म्हणजे बरंच दाट.” त्या मान हलवत राहिल्या. “थेंब किती पडत होते?”

“मोजले नाहीत.”

“मोजायला हवे होते,” त्या म्हणाल्या. मग स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “मी आत बसून यंत्राकडे बघायचे, पाटणकर. बाहेर होळी व्हायची, लू सुटायची, पाऊस पडायचा, मी ऑक्टोबरमध्ये. मला वाटायचं, माझ्यात काहीतरी कमी असेल. काळं नाही, फिकंच येतं. रोज वाटायचं.”

मी माफी मागायला तोंड उघडलं.

“थांबा. ती नको. माफीवरून कोणाला प्रयोग करता येत नाही. काय केलं ते लिहा. कोणी वाचून पुन्हा करून बघू शकेल असं लिहा.”

“मंडळ सत्कार तुमचा करणार आहे. मी सांगितलंय.”

“विचार करते.”

तेव्हा सांगितल्याप्रमाणे लिहितो. फुल क्रीम दूध आटवून त्यात साखर, वेलदोडा, जायफळ आणि केशर घालावं. मिठाच्या थंड पाण्यात नळीचे तुकडे ठेवून वरून दिवसभर हे दूध ठिबकू द्यावं. दुसऱ्या दिवशी धुऊन चाचणी करावी. माझा पॉलिमर लावलेला तुकडा काळा राहील. कुठलाही पॉलिमर न लावलेला तुकडाही काळा राहील. दोन्हींत काहीच फरक नाही. रंगारीबाईंचा पॉलिमर लावलेला तुकडा दुधाशिवाय घ्यावा. तो फिका राहील आणि कुठल्याही महिन्यात फिकाच राहील. संस्थेच्या दप्तरात त्याच्यासमोर ‘अपुरा’ असं लिहिलेलं आहे. तिथे ‘खरा’ असं लिहावं. त्याच मजकुराचं पत्र मी संस्थेला पाठवलं आहे, सही माझी आहे. या वेळी पाटीसारखी नाही.

काल संध्याकाळी रंगारीबाईंचा फोन आला. सत्काराला येते म्हणाल्या, पण एक अट आहे.

“स्टेजवर माझ्या शेजारी तुम्ही बसायचं. शाल नाही, नारळ नाही, फुलं नाहीत. नुसतं बसायचं.”

“मी? मी कशाला?”

“का म्हणजे काय, सर?” त्या म्हणाल्या. “शेजारी एक साधी नळी नको का?”

मी हो म्हटलं. केतकीला सांगितलंय, दोन खुर्च्या ठेव, आणि दोन्ही एकाच दिव्याखाली.